पहाऱ्याची पाळी

घोडी आजारी आहे, एवढाच निरोप होता.
मोटरसायकलला औषधांची पेटी बांधून
मी नव्वद किलोमीटर आलो,
शेवटचे वीस तामिर नदीच्या बर्फावरून.
दुलमाने आधी खारट दुधाचा चहा दिला,
मग म्हणाली, बघ तिचे पाय.

पुढच्या दोन्ही पायांवर, खुरांच्या जरा वर,
खपल्या. जुन्या खपलीवर नवी.
अडखळते कुठे? नाही.
कुणी मारतं? दुलमाने असं पाहिलं
की मी पेटीत उगाच थर्मामीटर शोधू लागलो.

ताप नव्हता. दात ठीक.
पोट वाजत होतं, वाजायला हवं तसं.
बाकीचे घोडे कुठे?
तिने टेकडीपलीकडे हात केला.
फेब्रुवारीत बर्फावर पाऊस पडला, पावसाचं पुन्हा बर्फ झालं.
गवत काचेखाली दिसायचं, तोंडाला लागायचं नाही.
एकोणतीस होते.
ही राहिली.

घोडा उभ्यानं झोपतो, हे इथल्या पोरालाही ठाऊक.
कसा, ते मी दाखवलं:
मागच्या पायात गुडघ्याची वाटी,
ती मांडीच्या हाडाच्या खुंटीवर सरकून बसते,
दाराला कडी लागावी तशी.
स्नायूंना मग सुट्टी, हाडं सांभाळतात.
दुसरा पाय खुराच्या टोकावर नुसता टेकलेला.
एवढं धूड फार वेळ आडवं राहिलं
तर त्याचंच वजन त्याच्या फुप्फुसांवर येतं,
आणि उठायला जेवढा वेळ लागतो
तेवढा लांडगा देत नाही.

पण ती झोप अर्धीच, दुलमा.
स्वप्नाच्या झोपेत मान, कणा, सगळं सैल पडतं.
कडी लावलेली असते आणि भिंतच ढासळते.
त्या झोपेला जमीन लागते,
दिवसाकाठी अर्धा तास, तोही तुकड्या-तुकड्यांनी.
आणि जमिनीवर टेकायला लागतो
दुसरा घोडा, उभा.
हिला तो नाही.
म्हणून ही उभीच राहते, रात्रीमागून रात्र,
आणि स्वप्न येऊन तिला गुडघ्यांवर पाडतं.

यावर औषध?
दुसरा घोडा.
कशाने घेऊ?
मी पेटी बंद केली.

वारा सुटला, मुक्काम पडला.
रात्री जाग आली तर दुलमाचं अंथरूण रिकामं.
नमद्याचा पडदा जरा सारून पाहिलं:
मेलेल्या नवऱ्याचा अंगरखा घालून,
हात बाह्यांत खुपसून,
ती घोडीशेजारी उभी.
घोडी फसली नाही.
दोनच पाय, आणि कान तर हे एवढेसे.

पहाटे पुन्हा पाहिलं.
दुलमा कुंपणाला टेकून बसल्या जागी झोपलेली,
घोडी तिच्या अंगावर मान झुकवून,
एक कान डोंगराकडे, एक नदीकडे.
मला हसू यायला हवं होतं.

अकरा दिवसांनी शेजारच्या शेळ्यांसाठी परत आलो.
दुलमा बादली खाली ठेवत म्हणाली,
परवा टेकली.
आधी पुढचे पाय मुडपले, मग मागचे,
मग कुशीवर, आणि मान बर्फात.
ओठ थरथरले. खूर धावायला लागले.
कुणाबरोबर धावत होती कोण जाणे,
धाप लागली होती नुसती.
मी हलले नाही. पायांना मुंग्या आल्या तरी नाही.
पाय झोपले माझे, बाकी मी जागी.

किती वेळ?
घड्याळ कुणाकडे होतं.
चंद्र तंबूच्या धुराड्यापासून खांबापर्यंत गेला.

खपल्या सुटत आल्या होत्या.
तरी मी मलमाची डबी काढून दिली,
तिने ती घेतली, नीट खिशात ठेवली,
आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली,
डोळे लाल आहेत तुझे.
शेळ्या कुठे पळत नाहीत.
हो आडवा थोडा.
मी आहे.